मुकादमाचं पोट

“ताई, तुमची टाकी फार स्वच्छ आहे,” असं तोंड वाकडं करून सांगणारा माणूस मला साठीला टेकल्यावर भेटला. चौतीस वर्षं मी जिथे काम केलं तिथे हे वाक्य ऐकायला माणसं तरसायची. अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेट्यांत ठेवतात, त्या विभागाची मी मुख्य सिस्टर. पेटीच्या काचेवर बोटाचा ठसा दिसला की मी चौघींना रांगेत उभं करून विचारायची, हा कुणाचा? कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मोठ्या डॉक्टरांनाही मी आत पाऊल टाकू दिलं नाही. माझ्या पाठीमागे सगळे मला ‘फिनेल’ म्हणत. मला ते पहिल्या वर्षापासून माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी मिळून मला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. पुढच्या खोलीत कायम चाळीस-पन्नास घड्याळं टिकटिकत असतात आणि त्यातली दोन कधी एक वेळ दाखवत नाहीत. मी स्पष्टच सांगितलं, घड्याळ आणाल तर तुमच्याच डोक्यात घालीन, मला मासे द्या. समुद्रातले. म्हणून ही खाऱ्या पाण्याची टाकी घरी आली. दुकानदारानेच ती मांडून दिली. आपल्या जुन्या टाकीतले खडबडीत दगड आणून रचले, तळाला वाळू पसरली आणि दोन नारिंगी जोकर मासे सोडले. सुरुवातीचे तीन महिने दर पंधरवड्याला येऊन तो पाणी तपासून जायचा.

चार महिने टाकी मी आरशासारखी ठेवली. सकाळी उठून आधी काच, मग चहा. दगडावर हिरवी झाक दिसली की जुन्या टूथब्रशने घासून काढायची, वाळू उपसून धुवायची. जोकर मजेत होते. त्यांना कोरडं खाणं टाकलं की दोन मिनिटांत फस्त करत आणि मला विसरून जात. तेच मला सलत होतं. चौतीस वर्षं ज्या बाईच्या हाताकडे डोळे लावून जीव तगून राहिले, तिच्यावाचून आता कुणाचं काही अडत नव्हतं. ह्यांना जेवायला हाक मारली तरी ‘आलो’ म्हणून अर्धा तास येत नसत.

अशात एकदा मीठ आणायला दुकानात गेले आणि खालच्या रांगेतल्या टाकीत तो दिसला. माझ्या करंगळीएवढा, विटकरी लाल, अंगावर पांढुरके ठिपके. इतर मासे पोहतात, हा चालत होता. पोटाखालच्या दोन परांवर, वाळूवरून. दोन पावलं टाकायची, थांबायचं, अंग वाकडं करून दगड न्याहाळायचा, एक टोचा मारायचा, पुढे निघायचं. डोळे वर आलेले आणि दोन्ही दोन दिशांना फिरणारे. कामगारांच्या मागे मागे फिरणारा मुकादम तंतोतंत असाच चालतो. मी तिथेच फतकल मारून बसले.

“ड्रॅगोनेट आहे तो,” दुकानदार म्हणाला. “ड्रॅगनवरून नाव पडलंय.”

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मी म्हटलं, “बांधून द्या.”

“तुम्हाला नाही देणार.”

“का? मी काय त्याला तळून खाणार आहे?”

“ताई, चार महिन्यांची टाकी आहे तुमची. ह्याला वर्षभर मुरलेली टाकी लागते. आणि तुमची टाकी...” इथे त्याने ते तोंड वाकडं केलं. “फार स्वच्छ आहे. हा दगडावरचं बारीक बारीक—”

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. माझ्या हाताखालून सातशे-आठशे ग्रॅमची बाळं धडधाकट होऊन घरी गेली आहेत, एका माशाचं काय घेऊन बसलात, आणि स्वच्छतेने कुणी मेल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही, असं बरंच काही बोलले. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी काढता पाय घेतला. शेवटी तो हात जोडून म्हणाला, “न्या. पण एक महिन्याने मी येईन. पोट खपाटीला गेलेलं दिसलं, तर त्याच पावली मासा परत नेईन. तेव्हा भांडायचं नाही.”

“आणि पोट भरलेलं दिसलं तर?”

“तर कान पकडीन.”

असा मुकादम आमच्या घरी आला. मी रोजच्यासारखं खाणं टाकलं, जोकरांनी ते फस्त केलं, मुकादमाने ढुंकूनही पाहिलं नाही. तो आपला दिवसभर दगडावरून फिरत टोचे मारत होता. नवा आहे, रुळेल, म्हणून मी त्याच्या येण्याच्या खुशीत टाकी आणखी लख्ख केली. एकूण एक दगड बाहेर काढून घासला.

नवव्या दिवशी सकाळी तो काचेला लागून उभा होता तेव्हा मला त्याचं पोट दिसलं. आत गेलेलं. डोक्यामागे दोन्ही बाजूंना खळगे आणि पाठीची धार वर आलेली. हे अंग मी ओळखते. बाळाचं असं अंग झालं की तराजूची गरज लागत नाही, नर्सला लांबूनच कळतं.  टोचे तर दिवसभर मारतोय, मग खातोय काय?

“अहो, जरा भिंग घेऊन या,” मी हाक मारली.

माझ्या आवाजात काहीतरी असणार, कारण हे त्या दिवशी अर्धा तास न लावता आले. डोळ्याला अडकवायचं भिंग लावून टाकीसमोर मांडी घालून बसले. घड्याळजीचा एक गुण आहे, बोलायची घाई नसते. पंधरा-वीस मिनिटांनी म्हणाले, “अगं, टोचे मारतोय खरा, पण तोंडात काही येतच नाही त्याच्या. दगड रिकामा आहे.”

“रिकामा म्हणजे?”

“थांब.” ते टाकीच्या मागच्या कोपऱ्याकडे सरकले. तिथे पाणी फिरवायचा पंप आहे आणि त्याच्यामागे बोटभर जागेत माझा हात जात नाही. तेवढी एकच जागा चार महिन्यांत घासली गेली नव्हती. “इथे शेवाळ आहे. आणि त्यात काहीतरी उड्या मारतंय. मिठाच्या कणाहून बारीक. पुष्कळ आहेत. तूच बघ.”

मी भिंग लावलं. हिरव्या डागावर पांढरे ठिपके तुरुतुरु धावत होते. माझ्या मनात आधी उवा आल्या, हात आपसूक काच खरवडायच्या पट्टीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. दुकानदाराचं ते तोडलेलं वाक्य मला आता पुरं ऐकू आलं. हा दगडावरचं बारीक बारीक वेचून खातो. मी रोज सकाळी उठून त्याचं ताट घासत होते, वाढलेल्या अन्नासकट.

 तीन दिवस आधी, अगदी मायेने, एकूण एक दगड बाहेर काढून घासला होता मी. चौतीस वर्षांत माझ्या हलगर्जीपणाने एकही बाळ उपाशी राहिलं नव्हतं, आणि इथे मी नेमाने, नेटाने, ब्रश घेऊन एका जिवाची उपासमार चालवली होती. मला रडू आलं. ह्यांनी माझ्यापुढची पट्टी उचलून घेतली.

“ती कुलपात ठेवा,” मी म्हटलं. “टूथब्रशसुद्धा. आणि मी मागितलं तरी देऊ नका.”

सुट्या स्प्रिंगांच्या खणात दोन्ही गेलं आणि किल्ली ह्यांच्या खिशात.

दुपारी दुकानात गेले. नाक मुठीत धरून जायला हवं होतं, पण मी नाक वर करूनच गेले. दुकानदार म्हणाला, “काय ताई, वाळला का?”

“मजेत आहे. ते बारीक किडे विकता का तुम्ही?”

“पॉड्स? बाटलीत येतात. मजेत आहे तर कशाला हवेत?”

“हवेत.”

त्याने बाटली दिली, वर हिरव्या पाण्याची एक बाटली दिली, की हे किड्यांचं खाणं. आर्टेमियाच्या अंड्यांची पुडीही दिली. ही अंडी मिठाच्या पाण्यात बुडबुडे सोडून ठेवली की दिवसभरात त्यातून नारिंगी पिल्लं निघतात, तीही हा मासा खातो. “पण खरं सांगू? वाळायला लागलेला ड्रॅगोनेट सहसा परत भरत नाही,” तो हळूच म्हणाला. मी मजेत आहे म्हणून सांगितलं होतं तरी हे म्हणाला. माणूस हुशार होता.

घरी आल्यावर मी विभाग उघडला. त्याला दुसरा शब्दच नाही. सलाइनची रिकामी बाटली तळाकडून कापून स्वयंपाकघराच्या खिडकीत उलटी टांगली, त्यात मिठाचं पाणी, अंडी आणि हवेची नळी. ओळीने तीन बरण्यांत हिरवं पाणी आणि किडे. पाणी प्यायला आलेले हे खिडकीकडे बघून तहानलेलेच परत गेले. औषधांच्या दुकानातून पाच मिलिलीटरची सिरिंज आणि बाळांना दूध पाजायची बारीकातली बारीक नळी आणली. फ्रिजच्या दारावर तक्ता लावला. वेळ, किती टोचे, पोट कसं. टाकीचा दिवा सकाळी आठला लागतो आणि संध्याकाळी सहाला मालवतो. तेवढ्या वेळात दर दोन तासांनी एक पाळी, आणि दिवा मालवल्यावर पंप बंद करून बरणीतले थोडे किडे दगडांत सोडायचे.

पहिले तीन दिवस तक्त्यात शून्याशिवाय काही लिहिलं नाही. मी नळीतून पिल्लं सोडायची, जोकर हपापल्यासारखे येऊन सगळं गिळायचे. मुकादम बाजूला उभा, एक डोळा माझ्याकडे, एक जोकरांकडे. मी त्या दोघांना जे काही बोलले ते चौतीस वर्षांत कुठल्या शिकाऊ मुलीलाही बोलले नव्हते. चौथ्या दिवशी जॅमची प्लॅस्टिकची रिकामी बरणी वाळूवर आडवी ठेवली, झाकणाला मुकादम जाईल एवढंच भोक पाडलं आणि बुडाला छिद्र करून नळी आत घातली. जोकरांना पोहत आत शिरायचं सुचलं नाही. मुकादमाला मात्र चालता येत होतं. बरणीच्या दारात उभा राहून त्याने आत पाहिलं, पाहणी केली आणि निघून गेला. पाचव्या दिवशीही निघून गेला. त्या दिवशी त्याची पाठ इतकी धारदार दिसत होती की मी तक्त्यावर ‘पोट’च्या रकान्यात काही लिहिलंच नाही.

“दे सोडून,” हे म्हणाले. “दुकानदाराकडे नेऊ. त्याच्याकडे जुन्या टाक्या आहेत.”

“आणखी दोन दिवस,” मी म्हटलं. हट्टापायी म्हणत होते की माशापायी, मला तेव्हा सांगता आलं नसतं. पण नेऊन दिला असता आणि तो तिथे मेला असता, तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

मग मला आठवलं की काही बाळं चोखायलाच विसरलेली असतात. त्यांच्या तोंडात दूध कोंबून उपयोग नसतो. एक थेंब ओठाला लावायचा आणि वाट बघायची. पुढच्या पाळीला मी पंप बंद केला, पाणी पूर्ण थांबू दिलं, आणि मुकादम बरणीच्या दारात आला तेव्हा नळीतून एकच थेंब सोडला. पाच-सहा पिल्लं त्याच्या नाकासमोर थरथरत राहिली. माझा हात हलला नाही. तो हात कधीच हलत नाही. मुकादमाचा उजवा डोळा वळला, मग डावाही वळला. दोन्ही डोळे एकाच जागी आलेले मी पहिल्यांदा पाहिले. आणि टोचा! मागोमाग दुसरा. पाचवा. तो बरणीत चालत गेला आणि अकरा टोचे मारले.

मी एवढ्याने ओरडले की पुढच्या खोलीत ह्यांच्या चिमट्यातलं दातेरी चाक उडालं. आम्ही दोघांनी अर्धा तास गुडघ्यांवर रांगून ते शोधलं आणि दोघंही वेड्यासारखे हसत होतो.

त्यानंतर तक्ता चढत गेला. अकराचे तीस, तिसाचे साठ, पुढे मी मोजणं सोडलं. पण त्याहून अवघड गोष्ट दुसरी होती. टाकी हिरवी होत होती. आधी दगड, मग बाजूच्या काचा, मग समोरची. माझी बोटं शिवशिवायची. एकदा मी रुमालाने फक्त बाहेरून पुसते म्हणाले, तर ह्यांनी रुमालही खणात टाकला. अशातच माझ्या हाताखाली शिकलेली आणि आता माझ्या खुर्चीवर बसलेली सिस्टर भेटायला आली. नवीन होती तेव्हा काचेवरच्या एका ठशासाठी मी तिला रडवलं होतं. ती टाकीसमोर उभी राहिली. हिरव्या काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा काचेकडे.

“मॅडम,” ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “तुमची तब्येत बरी आहे ना?”

“उत्तम आहे.”

“नाही, म्हणजे... मी पटकन पुसून देऊ का?” आणि तिने पिशवीतून कपडा काढलासुद्धा. माझीच शिकवण.

“हात लावशील तर याद राख!” मी गरजले. बिचारी दचकून मागे झाली. मग मी तिच्या डोळ्याला भिंग लावलं आणि काचेवर धावणारे ठिपके दाखवले. बराच वेळ बघून ती म्हणाली, “हे आपल्याकडे असते तर तुम्ही विभाग बंद केला असता.” मी म्हटलं, “केलाच असता.” तिने जाताना हात धुतले, कोपरापर्यंत.

महिना भरला त्या सकाळी दुकानदार आला. एका हातात झाकणाची बादली, दुसऱ्या हातात जाळी. मासा न्यायच्या तयारीनेच आला होता. दारातूनच त्याला टाकी दिसली आणि तो जागीच उभा राहिला. आत एक धूसर हिरवा अंधार होता आणि त्यात दोन नारिंगी ठिपके फिरत होते. मुकादमाचा पत्ता नव्हता.

“गेला ना?” तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, तेच मला जास्त लागलं. “मला वाटलंच होतं. आणि तुम्ही टाकीकडे बघणंही सोडलंत.”

 त्या सकाळी मलाही तो दिसला नव्हता. आठची पाळी मी दुकानदारासाठी मुद्दाम मागे ठेवली होती. पंप बंद केला. बरणी वाळूवर आडवी ठेवली. सिरिंज भरली. आम्ही तिघं समोर बसलो, ह्यांच्या हातात भिंग. एक मिनिट गेलं. दोन गेली. दुकानदाराने बादलीचं झाकण उगाच काढून पुन्हा लावलं.

मग मागच्या दगडाआडून मुकादम निघाला. सावकाश, दोन पावलं, थांबा, पाहणी. समोरच्या काचेवर जोकरांच्या वावराने एक पट्टा जरा निवळ राहिला होता, त्याच्यासमोर तो येऊन उभा राहिला, आणि पोट इतकं वाटोळं की चालताना वाळूला टेकत होतं. बरणीशी जोकर घुटमळत होते. मुकादमाने पाठीवरचा पर शिडासारखा ताठ उभारला. असं त्याने ह्या घरात आजवर केलं नव्हतं. जोकर बाजूला झाले. मुकादम आत गेला आणि जेवायला लागला.

दुकानदार गुडघ्यांवर बसला. ह्यांच्याकडून भिंग घेतलं आणि आधी माशाला बघितलं, मग दगड, मग काच. काचेपाशी तो फार वेळ थांबला.

“ताई,” तो म्हणाला, “माझ्या दुकानातल्या जुन्या टाकीतसुद्धा एवढे पॉड्स नाहीत.”

“कान,” मी म्हटलं.

त्याने दोन्ही कान पकडले. हे पोट धरून हसले. मला मात्र हसू येईना. मी त्याला सांगून टाकलं की त्या दिवशी दुकानात मी खोटं बोलले, मासा वाळला होता, तो माझ्याच हाताने वाळला होता, आणि तुमचं वाक्य मी तोडायला नको होतं. तो भिंग हातात फिरवत बसला. मग चाचरत म्हणाला, “दुकानात ह्याचीच एक मादी आली आहे. प्रवासातच वाळली. काही खात नाही. तुमच्याकडची ही... म्हणजे हे जे काचेवरचं आहे...”

“घाण म्हणा.”

“थोडी घाण द्याल का?”

मी ह्यांच्यापुढे हात पसरला. ह्यांनी गंभीरपणे खिशातून किल्ली काढली, खण उघडला आणि पट्टी माझ्या हातात दिली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी काच खरवडली. बाजूच्या काचेवरची चार बोटं रुंदीची एकच पट्टी. निघालेलं शेवाळ किड्यांसकट त्याच्या बादलीत घातलं, वर टाकीतलं पाणी, वर बरणीतली अर्धी पैदास. दुसरी एक सिरिंज आणि नळी बांधून दिली. कागदावर पाळीच्या वेळा लिहिल्या, एक थेंब कसा सोडायचा ते लिहिलं आणि खाली सही केली, बाळ घरी सोडताना करायचे तशी. ‘पोट रोज सकाळी मला फोनवर कळवणे’ हेही लिहिलं.

मासा न्यायला आलेली बादली माझी घाण घेऊन जिना उतरू लागली. तो वळणावर पोचला तेव्हा मला राहवलं नाही. मी दारातून वाकून जिन्यात घुमेल अशा आवाजात ओरडले, “आणि ऐका! दुकानातली काच पुसायची नाही!”

“नाही पुसत, सिस्टर!” खालून उत्तर आलं.

मी आत आले, पट्टी ह्यांच्या हातात दिली, आणि दहाच्या पाळीसाठी सिरिंज धुवायला घेतली.